हरलेल्या वकिलाची साक्ष

"भामरे, हा हुकूमनामा मी वाचला," न्यायाधीश हुद्दार चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "पण तो दिला कोणत्या कायद्यानं?"

"बडोद्याच्या कायद्यानं, साहेब."

"आणि तो कायदा काय सांगतो?"

"घटस्फोट देता येतो असं सांगतो."

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

मी हातातल्या हुकूमनाम्याकडेच बोट दाखवलं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. समोरच्या बाजूचे पुराणिक वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी नुसती उपरण्याची घडी नीट केली. त्यांचं ते न हसणं मला जास्त लागलं.

१९५९चा जानेवारी होता तो. नंदुरबारच्या दिवाणी कोर्टात माझी वकिली जेमतेम दीड वर्षाची होती. तोवर मी बांधाचे आणि भाडेकरूंचे दावे चालवले होते. घटस्फोटाचा हुकूमनामा कोर्टासमोर ठेवला की पुढं काही सांगावं लागतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

हुद्दार साहेब रागावले नाहीत. समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. "असं बघा, इथला कायदा मला माहीत असायलाच हवा. त्यासाठीच सरकारनं मला इथं बसवलंय. पण परक्या मुलखाचा कायदा मला माहीत आहे असं मी धरून चालू शकत नाही. माझ्या दृष्टीनं ती एक वस्तुस्थिती आहे. विहीर किती हात खोल, बांध कुठून गेलाय, तशीच ही. विहीर मोजणारा माणूस तुम्ही पिंजऱ्यात उभा करता ना? तसा तो कायदा ज्यानं चालवला, वापरला, असा माणूस आणा."

"पण साहेब, नवसारी आता आपल्याच राज्यात आहे." तेव्हा गुजरात-महाराष्ट्र वेगळे व्हायचे होते.

"आता आहे. पस्तीस साली नव्हती. तेव्हा नवापूर सोडून गाडी पुढं गेली की राजा बदलायचा, आणि राजाबरोबर कायदाही. तीन आठवड्यांची तारीख देतो."

मी खाली बसलो. माझ्या मागं द्वारकाबाई बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"बडोद्याचा कायदा सिद्ध करा म्हणाले."

"म्हणजे मी पुन्हा सिद्ध व्हायची," त्या म्हणाल्या.

द्वारकाबाई कर्णिक म्हणजे आमच्या कर्णिक मास्तरांच्या पत्नी. मास्तर नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते तीन खोल्यांचं घर, परसातला पेरू आणि बाई. वर्षभरानं कल्याणहून मास्तरांचा पुतण्या अरविंद आला, घर बघून गेला, आणि पुराणिकांमार्फत त्यानं दावा लावला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. द्वारकाबाईंचं पहिलं लग्न व्याऱ्याच्या दिघ्यांशी झालेलं. व्यारा तेव्हा बडोदा संस्थानात. दिघे एक्केचाळीस सालापर्यंत जिवंत होते, आणि मास्तरांशी लग्न झालं पस्तीस साली. पहिला नवरा हयात असताना दुसरं लग्न कसलं? तेव्हा ही बाई मास्तरांची पत्नीच नव्हे, आणि वारस म्हणून घर पुतण्याचं.

आमचं उत्तर एवढंच होतं की बाईंनी दिघ्यांपासून नवसारीच्या कोर्टात रीतसर घटस्फोट घेतला होता. खानदेशात, इंग्रजांच्या मुलखात, त्यांच्या जातीच्या बाईला ती सोय नव्हती. इकडं ती यायला सत्तेचाळीस साल उजाडावं लागलं. बडोद्याच्या महाराजांनी मात्र एकतीस सालीच तसा कायदा केला होता. सगळ्या गावाला हे ऐकून माहीत होतं. कोर्टाला माहीत नव्हतं.

दाव्याच्या अर्जात एक वाक्य होतं: 'सदर बाई ही मयताजवळ राहत असे.' द्वारकाबाई चौथी शिकलेल्या. अर्जाची नक्कल त्यांनी माझ्या कचेरीत बसून स्वतः वाचली. त्या वाक्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं होतं.

"घराचं काय व्हायचं ते होऊ दे, नीळकंठ," त्या म्हणाल्या होत्या. मी वकील झालो तरी त्यांच्यासाठी मास्तरांचा विद्यार्थीच होतो. "पण हे वाक्य खोटं आहे एवढं कोणीतरी लिहून दिलं पाहिजे."

तारखेनंतर आठवडाभर मी धुळ्याची दोन ग्रंथालयं आणि तीन जुने वकील पालथे घातले. बडोद्याचा कायदा कोणाकडे नव्हता. एकानं सुचवलं, बडोद्याला जा. दुसरा म्हणाला, तिथले त्या काळातले निम्मे वर गेले, उरलेल्यांना आठवत नाही. हात हलवत परत आलो आणि बाईंना तसं सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "एक माणूस आहे. असेल तर. नवसारीला फणसे वकील म्हणून होते. त्यांना तो कायदा पाठ होता."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही? तुमचे वकील होते का ते?"

"माझे नव्हते. दिघ्यांचे होते. माझ्या विरुद्ध उभे होते."

"विरुद्ध बाजूचा माणूस आपली साक्ष द्यायला येईल?"

"आपली कशाला? कायद्याची द्यायचीय ना?" त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "त्यांनी मला भर कोर्टात रडवलं होतं. पण खोटं एक अक्षर बोलले नाहीत. तू जाऊन तर बघ."

नंदुरबारहून सुरत, सुरतेहून नवसारी. फणसे वकिलांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात झोपाळा, झोपाळ्यावर सत्तरीचे एक गृहस्थ, अंगात बंद गळ्याचा कोट, भर दुपारी घरातसुद्धा. नजर अधू झाली होती. वर्तमानपत्र पार नाकाला टेकवून वाचत होते.

मी नाव-गाव सांगितलं, काम सांगितलं. द्वारकाबाईंचं नाव घेताच वर्तमानपत्र खाली आलं.

"दिघे विरुद्ध दिघे," ते म्हणाले. "चौतीसचा दावा. पस्तीसच्या फेब्रुवारीत निकाल. मी हरलो."

"त्याच कायद्याची साक्ष हवी आहे."

"तो कायदा चुकीचा आहे असं मी तेव्हा म्हणत होतो. जाहीर म्हणत होतो. ठाऊक आहे तुम्हाला?"

"बाईंनी सांगितलं."

"आणि तरी तिनं मला बोलवायला पाठवलं?"

आतून एक बाई चहाचे कप घेऊन आल्या. बुटक्या, ठसठशीत कुंकू. त्या सगुणाकाकू, त्यांच्या पत्नी. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या घरातल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळली होती की वेगळी काढता येऊ नये.

"कोण, ती द्वारका?" त्यांनी विचारलं. "बरी आहे ने ती?"

मी सगळी हकिगत सांगितली. मास्तर गेले तेही. काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती.

"जावा ने," काकू म्हणाल्या. "घरात बसून तरी काय करताय? पेपर वाचताय, तोही अर्धा."

"मी गेलो तर कोणाच्या बाजूनं बोलणार नाही," फणसे मला म्हणाले. "जे विचारतील त्याचं उत्तर देईन. तुम्ही विचाराल त्याचं, समोरचा विचारेल त्याचंही. उत्तर तुम्हाला सोयीचं नसलं तर माझ्याकडे डोळे वटारून बघायचं नाही. मला दिसणारही नाही म्हणा."

"चालेल, साहेब."

"चालेल म्हणणं सोपं असतं," ते म्हणाले, आणि काकूंना बॅग भरायला सांगितली. साक्षीला अजून दहा दिवस होते.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. मास्तरांचे विद्यार्थी गावभर होते, त्यातले पंधरा-वीस नुसते बघायला आले होते. फणसे पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा हुद्दार साहेबांनी खुर्ची देऊ केली. त्यांनी ती नाकारली. "उभं राहूनच बोलायची सवय आहे," म्हणाले.

मी सरतपास घेतला. बडोद्याच्या कोर्टात किती वर्षं वकिली केली? एकतीस. घटस्फोटाचे किती दावे चालवले? सतरा. त्यातले बाईच्या बाजूनं किती? एकही नाही. कोर्टात हशा झाला, तेही किंचित हसले. मग त्यांनी कायदा सांगितला. पुस्तक काखेत होतं, पण उघडलं नाही. नवऱ्यानं छळ केला, टाकून दिली, परागंदा झाला, व्यसनापायी माणूसपण सोडलं, तर बाईला जिल्हा कोर्टात अर्ज करता येई. कोर्टानं हुकूमनामा दिला की पहिलं लग्न संपलं. दोघांनाही पुन्हा लग्न करता येई. मधूनमधून गुजराती कलम म्हणत, लगेच त्याचं मराठी करत. हुद्दार साहेब भराभर लिहून घेत होते. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पुराणिक उलटतपासाला उठले. त्यांचा आवाज नेहमी मऊ असायचा, त्या दिवशी अधिकच मऊ होता.

"ते पुस्तक बघू शकतो का?"

फणशांनी दिलं. बडोद्याच्या सरकारी आज्ञापत्रिकेचे जुने अंक एकत्र बांधलेले होते. पुराणिकांनी पान उघडलं. समास शाईनं भरलेले.

"हे हस्ताक्षर कोणाचं?"

"माझं."

"इथं काय लिहिलंय? मला गुजराती वाचता येत नाही."

फणशांनी पुस्तक नाकाजवळ नेलं. "इथं लिहिलंय, 'हे धर्माला धरून नाही.' खाली लिहिलंय, 'हे टिकणार नाही.' आणि या कोपऱ्यात नुसतंच 'छे' असं आहे."

या वेळी हुद्दार साहेबही हसले. पुराणिकांनी हशा ओसरू दिला.

"म्हणजे तुमच्या मते हिंदू लग्न असं मोडता येत नाही."

"माझं मत तसं होतं."

"मग तुमच्या मते द्वारकाबाईंचं पहिलं लग्न कधी मोडलंच नाही. बरोबर?"

फणशांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"वकीलसाहेब, माझं मत काय आहे ते विचारायला या कोर्टानं मला नवसारीहून आणलेलं नाही. कायदा काय होता ते विचारायला आणलंय. माझं मत मी तिथल्या न्यायाधीशांसमोर दोन दिवस मांडलं. ते हरलं, कायदा जिंकला. त्या कायद्यानं ते लग्न मोडलं. मला आवडलं नाही म्हणून ते जोडलेलं राहत नाही."

पुराणिकांनी मान डोलावली. चिडले नाहीत. मग कागद हातात घेऊन त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "हुकूमनामा मिळाला की त्याच दिवशी दुसरं लग्न करता येत होतं?"

"नाही. हरलेल्याला अपील करायला मुदत असे. ती संपेपर्यंत थांबावं लागे."

"किती मुदत?"

"नव्वद दिवस."

पुराणिकांनी दोन कागद साहेबांपुढं ठेवले. दोन्ही माझेच होते, मीच दाखल केलेले. "हुकूमनामा बारा फेब्रुवारी पस्तीस. आर्यसमाजातल्या लग्नाचा दाखला पाच मे पस्तीस. साहेबांनी मोजून बघावं. ब्याऐंशी दिवस होतात."

तो दाखला मी शंभरदा हाताळला होता. दिवस मोजावेत हे एकदाही सुचलं नाही. मागं वळून बघितलं तर द्वारकाबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. नंतर कळलं, मास्तरांची आई आजारी होती आणि तिला लग्न आखाजीलाच, अक्षय्य तृतीयेलाच, बघायचं होतं. आठ दिवस थांबा असं कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे साक्षीदारांच्याच सांगण्याप्रमाणे," पुराणिक म्हणाले, "बडोद्याच्या कायद्यानंसुद्धा हे लग्न होत नाही." आणि ते बसले.

फेरतपास घ्यायला मी उठलो खरा, पण काय विचारायचं ते कळेना. हुद्दार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फणशांकडे.

"फणसे, मीच एक विचारतो. ही नव्वद दिवसांची अट कोणासाठी होती?"

"हरलेल्या पक्षासाठी, साहेब. त्याचा अपिलाचा हक्क राहावा म्हणून."

"आणि हरलेल्या पक्षानं तो हक्क स्वतःहून सोडला तर?"

"अपील करायचं नाही असं कोर्टाला लेखी कळवलं, तशी पुरसीस दिली आणि कोर्टानं ती दाखल करून घेतली, तर मुदत तिथंच संपे. त्या दिवसापासून लग्नाला मोकळीक. अशा दोन प्रकरणांत कोर्टानं तसंच धरलेलं मला ठाऊक आहे. दोन्ही या पुस्तकात आहेत."

"या दाव्यात तशी पुरसीस दिली होती का?"

चष्म्याआडून फणशांचे अधू डोळे कोर्टाच्या त्या बाजूला वळले, जिथं द्वारकाबाई असाव्यात असा त्यांचा अंदाज होता.

"दिली होती, साहेब."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच लिहिली होती."

पुराणिक उठले. "माझी हरकत आहे. कागद समोर नाही, चोवीस वर्षांची आठवण आहे."

"हरकत रास्त आहे," फणसेच म्हणाले. "माझ्या आठवणीवर जाऊ नका. नवसारीच्या दप्तरात कागद असेल तर आहे. नसेल तर मी काही बोललो नाही असं समजा."

साहेबांनी पंधरा दिवसांची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात मी फणशांना गाठलं. राग, लाज, सगळंच उसळून आलं होतं. "साहेब, नव्वद दिवसांचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि पुरसिशीचं?"

"लग्नाची तारीख मला आज पिंजऱ्यात कळली. त्याआधी त्या कागदाला काय किंमत होती?" मग खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "दिवस मोजायचे असतात, भामरे. पहिली दहा वर्षं मीही मोजत नव्हतो."

द्वारकाबाई जवळ आल्या. दोघं समोरासमोर उभे राहिले. फणशांनी हात जोडले.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही... बऱ्या आहात?"

"बावीस वर्षं फार बरी होते," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी फणशांना स्टेशनावर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत ते बाकावर काठी दोन पायांत धरून बसले होते.

दुसऱ्याच आठवड्यात मी नवसारीच्या दप्तरखान्यात होतो. तिथला कारकून म्हणाला, संस्थानी कागद वेगळ्या खोलीत आहेत, शोधायला माणूस नाही, तुम्हीच बघा, मी शेजारी बसतो. लाल फडक्यात बांधलेली बासनं जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. पहिला दिवस वाया गेला. वाळवीनं खाल्लेलं एक बासन उघडताना वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिघ्यांचा दावा मिळाला. कडा कुरतडलेल्या, पण आतले कागद शाबूत.

सगळ्यात शेवटी एक चतकोर कागद होता. कारकुनानं वाचून दाखवला: सदर निकालाविरुद्ध प्रतिवादीस अपील करणे नाही, करिता ही पुरसीस. खाली दिघ्यांची सही, फणशांची सही, कोर्टाचा शिक्का. तारीख तेरा फेब्रुवारी. निकालाच्या दुसऱ्याच दिवसाची.

मी तिथंच बसून नकलेचा अर्ज लिहायला घेतला. कारकुनानं पाणी आणून दिलं.

नक्कल दाखल झाली. पुराणिकांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली आणि उमदेपणानं म्हणाले, "यावर मला काही विचारायचं नाही." मार्चअखेर निकाल लागला. दावा फेटाळला. निकालाचं पाचवं पान मी द्वारकाबाईंना त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवलं: 'बडोदे संस्थानचा तत्कालीन कायदा पुराव्याने शाबीत झाला असून, त्या कायद्याप्रमाणे प्रतिवादी ही कै. कर्णिक यांची विधिवत विवाहित पत्नी होती, असे मी ठरवतो.'

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता एक काम कर. ही नक्कल फणसे वकिलांना नेऊन दाखव. पोस्टानं नको. त्यांना दिसत नाही, कोणी वाचून दाखवलं पाहिजे."

म्हणून मी तिसऱ्यांदा नवसारीला गेलो. फणसे झोपाळ्यावर, काकू खाली पाटावर बसून चहा गाळत होत्या. मी सगळा निकाल वाचला, बावीस पानं. फणसे डोळे मिटून ऐकत होते. मधेच एका ठिकाणी म्हणाले, "हे कलम साहेबांनी जरा सैल लिहिलंय."

वाचून झाल्यावर मी विचारलं. इतके दिवस तोच प्रश्न माझ्या डोक्यात होता. "साहेब, तो कायदा टिकणार नाही असं तुम्ही समासात लिहिलं होतं. अशिलाचा अपिलाचा हक्क होता. मग दुसऱ्याच दिवशी पुरसीस का दिलीत?"

"अशिलाचं नाव काढायचं नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "त्याचं नि माझं काय बोलणं झालं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. तो मेला तरी ती गोष्ट त्याचीच आहे."

"मग माझं नि तुमचं झालं ते मी सांगते," काकू म्हणाल्या. "मला कोणता कायदा अडवणार?"

फणशांनी सुस्कारा टाकला, पण थांबवलं नाही.

"ती द्वारका पिंजऱ्यात होती ने, त्या दिवशी हे घरी आले ते फुशारीत. जेवताना सांगायला लागले. म्हणे, असा प्रश्न टाकला तिला की रडलीच. तुझा नवरा आत्ता तुला नांदवायला तयार आहे, आत्ता, कोर्टासमोर, त्याच्याबरोबर जातेस का? मी म्हटलं, मग ती काय बोलली? तेव्हा यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, रडली, मग डोळे पुसले आणि बोलली, जाते. पण चार दिवसांनी माझी खबर घ्यायला कोण येणार, त्याचं नाव आधी कागदावर लिहून द्या."

काकूंनी गाळणं बाजूला ठेवलं.

"दिघे तिला खोलीत कोंडून ठेवायचा. सगळ्या व्याऱ्याला ठाऊक होतं. मी विचारलं, कोणी नाव दिलं? हे म्हणाले, नाही. न्यायाधीशांनी यांच्याकडे बघितलं, यांनी शिरस्तेदाराकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं तरी नाव द्यायचं. हे जेवणावरून उठले."

"उठलो नव्हतो. ताक घ्यायला वाकलो होतो," फणसे म्हणाले.

"उठले. मग पंधरा दिवसांनी निकाल लागला, हे हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी या खोलीत अपील लिहायला बसले. शाई, दौत, चार पुस्तकं. मी चहा आणला. आणि भामरे, मला काय वाटलं कोण जाणे, आयुष्यात यांच्या कामात मी कधी बोलले नव्हते. मी चहा ठेवला न् विचारलं, अहो, हा कायदा मला पण लागू आहे ने?"

मी फणशांकडे बघितलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. झोपाळा थांबला होता.

"मग?"

"मग काय. हे माझ्याकडे बघत राहिले. चहा थंड झाला. मग अपिलाचा कागद फाडला, कोट घातला न् कोर्टात निघून गेले. दुपारी आले ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आज तू वाचलंस तेव्हा कळलं, त्या दिवशी काय लिहून आले ते."

"चोवीस वर्षांत विचारलं नाहीत?"

"कशाला विचारायचं? समजलं होतं ने."

फणशांनी डोळे उघडले. कोटाच्या बाहीनं चष्मा पुसला आणि काकूंच्या दिशेनं मान वळवली.

"त्या दिवशी तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं," ते म्हणाले. "लागू होता."

"होता ने? पण आता तर बडोदंच गेलं," काकू म्हणाल्या आणि कप त्यांच्या हातात नीट धरवला. "तुम्ही सुटलात."

"कुठला सुटतोय? आता दिल्लीचा कायदा लागू आहे," फणसे म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.